एका मैफलीच्या दोन प्रती : प्रस्तावना

ध्वनिवर्धक लावून होणाऱ्या प्रत्येक मैफलीचा आवाज एकाच वेळी दोन ठिकाणी असतो. रंगमंचावरच्या माइकांनी टिपलेले सूर तारांवाटे ज्या यंत्रात येतात आणि जिथे त्यांचे कमीजास्त प्रमाण ठरवून ते स्पीकरकडे धाडले जातात, त्या मिक्सरमध्ये तो विजेच्या रूपात असतो. आणि स्पीकरमधून बाहेर पडून, मांडवाच्या कापडावर, भिंतींवर, छतावर आणि माणसांच्या अंगावर आपटून, वाहवांत आणि टाळ्यांत मिसळून जो श्रोत्यांच्या कानांपर्यंत पोचतो, तो हवेतला आवाज वेगळा असतो. पहिल्या ठिकाणाहून आवाज उचलण्याला ध्वनिव्यवस्था पाहणारी मंडळी ‘मिक्सरमधून लाइन घेणे’ म्हणतात. दुसऱ्या ठिकाणचा आवाज उचलण्यासाठी श्रोत्यांत माइक उभा करावा लागतो. या दोन स्रोतांचे स्वतंत्र मुद्रण करून, त्यांचा काळाचा आणि पातळीचा मेळ घालून, त्यातून ऐकण्याजोगे एकच मुद्रण सिद्ध करणे हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय असून, मराठी मुलुखातल्या मैफलींना, कीर्तनांना आणि संगीतसभांना हा विचार कसा लागू पडतो हे दाखवणे हा त्याचा हेतू आहे.

ध्वनिवर्धक नव्हते तेव्हा हा प्रश्नच नव्हता, कारण मैफलीचा आवाज एकच होता आणि तो खोलीत होता. पुण्यात १९११ साली भारत गायन समाजाची स्थापना करणारे भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले, आणि त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. त्यांची मैफल ज्यांनी ऐकली त्यांच्याबरोबरच ती गेली. ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गाइसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहर जान हिचा आवाज तबकडीवर उतरवला, तेव्हापासून हिंदुस्थानी गायनाचे मुद्रण सुरू झाले खरे, पण ते मैफलीचे मुद्रण नव्हते. गायकाने कर्ण्यात तोंड घालून तीन मिनिटांत राग आटोपायचा, असा तो व्यवहार होता, आणि त्यात श्रोत्याला जागा नव्हती. पुढे माइक आणि स्पीकर आले, सभागृहे मोठी झाली, उघड्या मैदानांत मांडव पडू लागले, आणि त्या घडीला मैफलीच्या आवाजाचे दोन भाग झाले. आजच्या ध्वनिमुद्रकापुढची अडचण ही अशी ध्वनिवर्धनाच्या पोटातूनच जन्मलेली आहे.

या अडचणीचा अभ्यास करायला पुण्याइतके अनुकूल शहर महाराष्ट्रात दुसरे नसेल. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर यांचे १९५२ साली निधन झाल्यावर, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने आर्य संगीत प्रसारक मंडळाचा महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला. तो पुढे वर्षानुवर्षे रमणबागेत न्यू इंग्लिश स्कूलच्या मैदानावर भरत राहिला, २०११ साली भीमसेन जोशी गेल्यानंतर त्याच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले, आणि २०१८ पासून तो मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. महोत्सव सुरू झाला त्याच १९५३ सालच्या २ ऑक्टोबरला आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. स्पूल टेपरेकॉर्डर घरोघर नसले तरी काही हौशी रसिकांच्या घरी आले, आणि दिवाणखान्यातल्या बैठकी फितीवर उतरू लागल्या. नंतर कॅसेट आली, तेव्हा कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्या प्रकाशनसंस्थेने शास्त्रीय गायन सामान्य रसिकाच्या हाती दिले. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे लोकसंगीत आणि अभिजात संगीताचे ध्वनिसंग्रहालयही १९८२ साली प्रथम पुण्यातच सुरू झाले आणि मागाहून दिल्लीकडे गेले. इतका साठा एका शहराच्या आसपास जमला असताना, तो कोणत्या ठिकाणाहून टिपला गेला आहे, मिक्सरमधून की श्रोत्यांतून, याची नोंद मात्र क्वचितच आढळते, ही खेदाची बाब आहे.

मिक्सरच्या लाइनवर विश्वास ठेवण्याचा मोह स्वाभाविक आहे. तिच्यात शब्द स्पष्ट येतात, तानेतला प्रत्येक दाणा सुटा ऐकू येतो, खोकला येत नाही. पण ती लाइन कुणासाठी तयार झालेली असते, हे विसरून चालत नाही. मिक्सरवर बसलेला माणूस घरी ऐकणाऱ्यासाठी आवाज जुळवत नसतो. त्या विशिष्ट जागेत जे कमी पडते तेवढे तो भरून काढत असतो. दोनशे-तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात तबल्याचा मूळ नादच शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, त्यामुळे तबल्याचा माइक जवळजवळ बंद ठेवला जातो आणि गळा पुढे आणला जातो. परिणामी त्या लाइनवरचे मुद्रण ऐकणाऱ्याला तबला भिंतीपलीकडे वाजतो आहे असे वाटते, आणि त्याचा दोष तबलजीच्या माथी मारला जातो. मोठ्या मांडवात गोष्ट उलटी असते. तिथे मूळ नाद चार-सहा रांगांपलीकडे जात नसल्याने सगळाच वाद्यवृंद मिक्सरमधून जातो आणि लाइन बरीच समतोल निघते. म्हणून लाइन चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा ठरतो. ती किती मोठ्या जागेतली आहे हे आधी विचारावे लागते. अलीकडच्या डिजिटल मिक्सरमध्ये प्रत्येक माइकाचा आवाज, मिसळण्यापूर्वी, स्वतंत्र पट्टीवर साठवता येतो, आणि ही सोय असेल तेव्हा गळा, तबला, हार्मोनियम आणि दोन तानपुरे यांचे प्रमाण मागाहून नव्याने ठरवता येते. या सोयीने लाइनचा असमतोल दूर होतो. तिचा कोरडेपणा मात्र दूर होत नाही, कारण खोली तिच्यात मुळातच नसते.

श्रोत्यांतला माइक नेमके हेच आणतो, आणि त्याबरोबर नको असलेलेही पुष्कळ आणतो. सर्वसाधारण समज असा की हा माइक ‘वातावरण’ भरण्यासाठी असतो, म्हणजे गाण्याच्या कडेने थोड्या टाळ्या, थोडे गुंजन, इतकेच. हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत हा समज अपुरा आहे, आणि प्रस्तुत पुस्तकाचा मुख्य मुद्दा इथेच आहे. ख्यालगायनात श्रोता कार्यक्रमाच्या शेवटी टाळ्या वाजवून मोकळा होत नाही; तो गाण्याच्या आत बोलतो. बढत करीत आलेला गायक मुखडा पकडून समेवर येतो तेव्हा उठणारी वाहवा, एखाद्या श्रुतीवर ठहराव घेतला असता पहिल्या रांगेतून आलेला हलका उद्गार, किंवा तिहाई चुकता चुकता नेमकी पडल्यावर पसरणारे हसू, यांना गायक उत्तर देतो: तीच जागा पुन्हा घेतो, अंमळ वेगळी करून दाखवतो, किंवा दाद आली नाही म्हणून ती सोडून पुढे जातो. निव्वळ लाइनवरचे मुद्रण ऐकताना ही पुनरावृत्ती अकारण वाटते, कारण तिचे कारण मुद्रणात नसते. संभाषणातील एकाच बाजूचे बोलणे ऐकून त्याचे मूल्यमापन करण्यासारखा हा प्रकार आहे, आणि जुन्या मैफलींवर लिहिणाऱ्या काही समीक्षकांकडून तो अजाणता घडलाही आहे. श्रोत्यांतला माइक सजावटीसाठी नसतो. मैफलीतल्या दुसऱ्या पक्षाचे मुद्रण तो करतो.

ही गोष्ट ख्यालापेक्षाही वारकरी कीर्तनात अधिक ठळकपणे दिसते, आणि तिचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पुण्याच्या पश्चिमेला मुठा नदीच्या काठी वसलेले वारजे हे जुने गावठाण आणि नव्या सोसायट्या शेजारी शेजारी नांदवणारे उपनगर आहे. अशा वस्तीत हरिनाम सप्ताह आणि गणेशोत्सवातले गायनाचे कार्यक्रम एकाच मैदानावर होऊ शकतात, आणि दोहोंचे मुद्रण बहुधा एकाच पद्धतीने, मिक्सरमधून तार काढून, केले जाते. कीर्तनात माइक असतो कीर्तनकाराच्या पुढ्यात, मृदंगाला आणि फार तर पेटीला. मागे ओळीने उभ्या राहिलेल्या टाळकऱ्यांना माइक नसतो, कारण पाच-पंचवीस टाळांच्या जोड्यांना त्याची गरज नसते. आणि समोर बसलेल्या शेकडो लोकांनी गजर उचलून धरला तर त्यांनाही माइक नसतो. त्यामुळे लाइनवरच्या कीर्तनात कीर्तनकार एकटाच गातो आहे, टाळ दूर कुठेतरी किणकिणत आहेत आणि गजराच्या जागी अवचित पोकळी पडली आहे, असे चमत्कारिक चित्र उभे राहते. हे कीर्तन नव्हे. त्यात श्रोत्यांतला माइक मिसळला की टाळ आपल्या जागी येतात आणि गजर पुन्हा सामुदायिक होतो. पण वारज्याला त्याची किंमतही मोजावी लागते: मुंबई-बेंगळुरू महामार्गाचा वळणरस्ता वस्तीतूनच जात असल्याने, उघड्यावर ठेवलेल्या माइकात अवजड वाहनांची घरघर सतत येत राहते. ही घरघर मुख्यतः खर्जाच्या खालच्या पट्ट्यात असते; म्हणून श्रोत्यांतल्या माइकाच्या पट्टीवर साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनसंख्या) छाटून टाकावा आणि मृदंगाच्या धुमेची किंवा बायाची खोली मिक्सरच्या लाइनवरूनच घ्यावी, हा व्यवहार्य उपाय ठरतो. दोन्ही स्रोतांनी सर्व काही पुरवलेच पाहिजे, असा आग्रह नसावा.

दोन स्रोत मिसळताना खरी कसोटी लागते ती काळाची. वीज तारेतून जवळजवळ तत्क्षणी जाते, आवाज हवेतून सावकाश जातो. वीस अंश सेल्सिअस तापमानाला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, म्हणजे एक मीटर अंतर कापायला त्याला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात (मिलिसेकंद हा सेकंदाचा हजारावा भाग). स्पीकरपासून ३० मीटरवर माइक ठेवला असेल, तर त्यावरचा आवाज लाइनपेक्षा सुमारे ८७ मिलिसेकंद उशिरा येतो. हेल्मुट हास या जर्मन अभ्यासकाने १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, मूळ आवाजामागून ३० मिलिसेकंदांच्या आत आलेला प्रतिध्वनी कानाला वेगळा असा जाणवत नाही, तो मूळ आवाजातच विरघळतो. त्यापुढे मात्र तो दुसरा आवाज म्हणून सुटा पडू लागतो. तेव्हा ८७ मिलिसेकंदांचे अंतर तसेच ठेवून दोन पट्ट्या मिसळल्या, तर तबल्याचा प्रत्येक ‘ना’ दोनदा वाजतो. सुदैवाने तबल्याच्या चाटीवरचा हा ‘ना’ इतका टोकदार असतो की चित्रपटाच्या क्लॅपबोर्डचे काम तोच करतो: दोन्ही पट्ट्यांवर एकच आघात शोधायचा, आणि श्रोत्यांतल्या माइकाची पट्टी तेवढी मागे ओढायची.

अंतर फार मोठे असेल तेव्हा चूक कानाला लगेच कळते. खरा धोका एक-दोन मिलिसेकंदांच्या चुकीत असतो. एकच आवाज किंचित उशिराने स्वतःतच मिसळला, की काही विशिष्ट कंपनसंख्यांवर एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि त्या कंपनसंख्या मावळतात. एक मिलिसेकंदाच्या फरकाने ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठरावीक अंतराने हे खळगे पडतात. आलेखावर ते फणीच्या दातांसारखे दिसतात, म्हणून ध्वनिशास्त्रात त्याला कोम्ब फिल्टर हेच नाव रूढ आहे. दुसरा स्रोत पहिल्यापेक्षा दहा डेसिबलने खाली ठेवला (डेसिबल हे आवाजाच्या पातळीतील तफावत मोजण्याचे एकक), तरी काटेकोर गणितात खळगा आणि उंचवटा यांत सहाच्या आसपास डेसिबलचा फरक उरतोच. हा बिघाड गळ्यावर चटकन लक्षात येत नाही, कारण गळा सतत हलता असतो. तो पहिल्यांदा कळतो तानपुऱ्यावर. जवारीतून उमटणाऱ्या स्वयंभू सुरांची झालर स्थिर आणि अखंड असल्यामुळे तिच्यातले काही सूर गेले की तानपुरा नळीतून वाजत असल्यासारखा पोकळ होतो. पट्ट्या जुळल्या की नाहीत हे पडद्यावरच्या रेषांवरून ठरवणारे पुष्कळ आहेत. हिंदुस्थानी संगीतात ते तानपुऱ्यावरून ठरवावे, हा या पुस्तकाचा स्पष्ट अभिप्राय आहे.

पुण्याच्या डिसेंबरात या प्रश्नाला आणखी एक फाटा फुटतो. ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो; एका अंशाला सेकंदामागे सुमारे ०.६ मीटर इतका तो बदलतो. दुपारी २९ अंश असलेली हवा रात्री दहाला १८ अंशांवर उतरली, तर ३० मीटर अंतर कापायला दुपारी ८६ मिलिसेकंद लागत असतील तिथे रात्री सुमारे ८७.७ लागतात. हा सुमारे १.७ मिलिसेकंदांचा फरक क्षुल्लक दिसतो, पण दुपारी जुळवलेला मेळ तसाच रात्रीपर्यंत ठेवला, तर पहिला खळगा २९० ते ३०० हर्ट्झच्या दरम्यान पडतो, आणि काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा तार षड्ज २७७ हर्ट्झवर असतो. म्हणजे ज्या सुरासाठी मैफल थांबून राहते, त्याच्याच शेजारी मुद्रण पोकळ होते. उघड्या मांडवात दुपारपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्या सभेचे मुद्रण एकदा जुळवून सोडून देता येत नाही. निदान प्रत्येक कलाकारागणिक ते पुन्हा जुळवावे लागते. पूर्वीच्या रात्रभर चालणाऱ्या सभांत हा फरक याहून अधिक भरला असता. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर निर्बंध घालणारे नियम २००० साली आले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली त्यांची कठोर अंमलबजावणी सांगितली; त्यानंतर सवलतीचे मोजके दिवस सोडले तर उघड्यावरचे उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग मांडवातून जवळजवळ हद्दपार झाले, हे जाता जाता नोंदवायला हवे, कारण त्या वेळच्या रागांची प्रत्यक्ष सभेतली मुद्रणे आता प्रामुख्याने जुन्या फितींवरच सापडणार.

पट्टी मागे ओढल्यावर श्रोत्यांची दादही तेवढीच मागे ओढली जाते, आणि हे योग्य आहे की नाही असा प्रश्न काही जाणकार उपस्थित करतात. उत्तर असे की, माइकाजवळच्या श्रोत्याने सम ८७ मिलिसेकंद उशिरा ऐकली आणि त्या ऐकण्याला धरूनच त्याने मान डोलावली; त्यामुळे पट्टी ओढल्यावर त्याची वाहवा त्याला जाणवलेल्या समेवर बरोबर बसते. गायकाच्या बाजूने पाहिले तर तीच वाहवा हवेतून परत येईपर्यंत आणखी तेवढाच काळ जातो, आणि गायकाच्या माइकात ती सुमारे १७५ मिलिसेकंद उशिरा शिरते. विलंबित एकतालात, जिथे एक मात्राच काही सेकंदांची असते, याने काही बिघडत नाही. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात मात्र एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते, आणि मागच्या रांगांची दाद गायकापर्यंत अर्ध्याहून अधिक मात्रा उलटून गेल्यावर पोचते. द्रुत लयीत गायक मागच्या श्रोत्यांपेक्षा पहिल्या रांगांकडे पाहून का गातो, याचे एक कारण कदाचित इथे सापडेल.

मिक्सर आणि श्रोत्यांतला माइक यांची मुद्रणे दोन वेगवेगळ्या यंत्रांवर झाली असतील, तर आणखी एक झगडा उरतो. प्रत्येक डिजिटल यंत्र आपल्या अंतर्गत घड्याळाच्या तालावर सेकंदाला ४८,००० नमुने घेते असे म्हटले, तरी दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत दहा इतका फरक असला तरी तासाभरात ३६ मिलिसेकंदांची फारकत होते; तीन तासांच्या मैफलीत ती शंभरावर जाते. आरंभी नीट जुळलेल्या पट्ट्या भैरवीपर्यंत उघड उघड विसंगत झालेल्या ऐकू येतात, त्या यामुळे. मैफलीच्या आरंभी आणि अखेरी दोन्हीकडे एकेक टोकदार आघात शोधून एक पट्टी तेवढ्या प्रमाणात ताणणे हा यावरचा उपाय असला, तरी मुळात हा खटाटोप टाळण्याची सोपी वाट उपलब्ध असते: श्रोत्यांतल्या माइकांची तार मिक्सरच्याच रिकाम्या वाहिन्यांना जोडायची, त्या वाहिन्या स्पीकरकडे जाऊ द्यायच्या नाहीत (नाहीतर शिट्टी वाजेल), आणि सगळे एकाच यंत्रावर, एकाच घड्याळावर मुद्रित करायचे.

माइकांच्या मांडणीविषयी पुस्तकात सविस्तर विवेचन आहे, म्हणून इथे थोडक्यात. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली दोन माइकांनी अवकाशाचे भान टिपण्याच्या पद्धतींचे पेटंट मागितले, आणि पुढे फ्रेंच नभोवाणीने दोन माइक १७ सेंटिमीटर अंतरावर ११० अंशांच्या कोनात ठेवण्याची जी पद्धत रूढ केली ती आजही मैफलीला उपयोगी पडते. उंची मात्र कोणत्याही कोनापेक्षा महत्त्वाची. अडीच-तीन मीटर उंच खांबावरचा माइक सगळ्या सभेला ऐकतो. खुर्चीच्या पातळीवरचा माइक शेजारच्या एकाच रसिकाला ऐकतो, आणि तो रसिक गुडघ्यावर ताल धरणारा, किंवा प्रत्येक राग ओळखून शेजाऱ्याला सांगणारा निघाला, तर तेच मुद्रण ठरते. श्रोत्यांचे खाजगी बोलणे त्यांच्या नकळत टिपले जाऊ नये, या कारणासाठीही माइक उंच असावा.

पाश्चात्त्य जगात या विषयाला चालना मिळाली ती अभिजात संगीतातून नव्हे, तर ‘ग्रेटफुल डेड’ या १९६५ साली सुरू झालेल्या अमेरिकी रॉक समूहाच्या चाहत्यांकडून. त्यांच्या सभा लोक आपापली यंत्रे आणून मुद्रित करीत, आणि मिक्सरजवळ माइकांची इतकी दाटी होऊ लागली की ऑक्टोबर १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांसाठी वेगळी जागा आणि वेगळी तिकिटे ठेवण्यात आली. मिक्सरच्या फिती आणि श्रोत्यांतल्या फिती यांचे दोन पंथ पडले, आणि त्यांच्या मिलाफाला ‘मॅट्रिक्स’ हे नाव मिळाले. त्या मंडळींकडून शिकण्यासारखी गोष्ट तंत्रापेक्षा शिस्तीची आहे: प्रत्येक फितीबरोबर कोणता माइक, कोणत्या जागी, कोणत्या पिढीची प्रत, याची चिठ्ठी फिरत असे. आपल्याकडच्या मैफलींच्या फिती अशा चिठ्ठीशिवायच फिरल्या.

पातळी किती ठेवावी याचे सूत्र सांगता येत नाही, ऐकूनच ठरवावे लागते. तरी श्रोत्यांतला माइक लाइनपेक्षा सहा ते बारा डेसिबल खाली हा टप्पा बहुतेक वेळा कामाला येतो, आणि कीर्तनात तो बराच वर आणावा लागतो. एका प्रथेला मात्र इथे विरोध नोंदवायला हवा. टाळ्या आल्या की श्रोत्यांचा माइक वर करायचा आणि गाणे सुरू झाले की बंद करायचा, ही दूरचित्रवाणीच्या संपादनातून आलेली सवय. तिने खोली दर पाच मिनिटांनी उघडते आणि मिटते, तानपुऱ्याचा पोत बदलत राहतो, आणि गाण्याच्या मध्यात आलेली दाद, जी सर्वांत मोलाची, तीच नेमकी गळते. माइक ठेवायचा तर मैफलभर एका पातळीवर ठेवावा, किंवा ठेवूच नये.

येथवरच्या विवेचनातून एक गोष्ट ध्यानात येईल, ती अशी की मिलाफ हा तांत्रिक संस्कार नसून संपादन आहे, आणि पुण्यात संपादनाची एक थोर परंपरा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या तत्त्वावर उभी आहे, तेच तत्त्व इथेही लागू पडते. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या नंतरच्या संपादकांनी अनेक हस्तलिखिते जुळवून एक पाठ सिद्ध केला, पण नाकारलेले पाठभेद फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत ठेवले, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला संपादकाशी वाद घालता यावा. मैफलीच्या दोन प्रतींचेही तसेच झाले पाहिजे. मिसळलेले मुद्रण वाचकासाठी, म्हणजे इथे श्रोत्यासाठी, असते. पण मिक्सरची लाइन आणि श्रोत्यांतला माइक या दोन्ही मूळ पट्ट्या, कोणताही बदल न करता, स्वतंत्रपणे जपल्या पाहिजेत. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रहालय संघटना २४ बिट खोली आणि किमान ४८ किलोहर्ट्झ नमुनावेग, तर जुन्या फितींच्या रूपांतरासाठी ९६ किलोहर्ट्झ, अशी शिफारस करते. मूळ पट्ट्या एमपी३सारख्या दाबलेल्या स्वरूपात ठेवणे म्हणजे त्या न ठेवण्याजवळच जाते.

कायद्याची बाजूही संपादनाच्या याच दृष्टीशी जुळते. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलाकाराच्या हक्कांना निश्चित रूप मिळाले, १९९९ मध्ये त्यांची मुदत ५० वर्षांवर गेली, आणि २०१२ मध्ये कलाकाराला आपल्या सादरीकरणाच्या विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा नैतिक हक्कही मिळाला. मात्र निव्वळ तांत्रिक कारणांसाठी केलेला बदल विकृती मानला जाणार नाही, असे स्पष्टीकरणही त्याच कलमात आहे. मिलाफ या स्पष्टीकरणाच्या आश्रयाने बसतो खरा, पण दाद वाढवणे, फसलेली तान झाकणे किंवा टाळ्या दुसरीकडून आणून चिकटवणे त्यात बसते असे समजू नये. कलाकाराची परवानगी मुद्रणापूर्वी घ्यावी, आणि ती घेताना श्रोत्यांतलाही माइक असणार आहे हे त्याला सांगावे, कारण अनेक गायकांना लाइनवरची आपली प्रत चालते आणि सभागृहातली चालत नाही. काहींचे उलटे असते.

शेवटी संगीतसभा, सप्ताह आणि उत्सवमंडळे यांच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे ती एवढीच: पुढच्या कार्यक्रमाला मिक्सरमधून तार काढताना श्रोत्यांतही दोन माइक उभे करावेत, दोन्ही पट्ट्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि एका कागदावर कार्यक्रमाची तारीख, कलाकार व साथीदार यांची नावे, माइक आणि स्पीकर यांतले मोजलेले अंतर, आरंभीचे आणि अखेरीचे तापमान, एवढे लिहून तो कागद मुद्रणाबरोबर जपावा. मिसळण्याचे काम दहा वर्षांनी केले तरी चालते. अंतर मात्र मांडव उतरवण्यापूर्वीच मोजावे लागते.